नेटची केबल काढणारे देवरे

काहीही लिहायला बसण्याआधी देवरे कॉम्प्युटरची नेटची केबल काढून टेबलावर ठेवायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "वाचणाऱ्याकडे नेट आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नाशिकला गंगापूर रोडवर आमचं छोटंसं ऑफिस होतं. आम्ही प्रोग्राम लिहायचो आणि ते कसे वापरायचे हे देवरे लिहायचे. ते कोणी वाचत नाही, याबद्दल आमच्यात एकमत होतं.

"आधी काय लागतं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. चहाला चला म्हटलं तरी टपरी उघडी आहे का, हे खिडकीतून बघूनच उठायचे.

एकदा मी आमच्या एका प्रोग्रामच्या कमांडला एक नवा ऑप्शन जोडला. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा संच, तयार करायला दुसरी चार पॅकेजेस लागतात. या ऑप्शननं ती नेटवरून आधीच उतरवून फोल्डरमध्ये ठेवायची, म्हणजे पुढे नेट नसलं तरी चालतं. देवऱ्यांना मी एका ओळीत हे सांगितलं. ते अकरा प्रश्न घेऊन परत आले.

"फोल्डर नसेल तर? नेट मधेच गेलं तर?"

"सर, हे कळतं हो लोकांना."

"मला नाही कळलं," ते शांतपणे म्हणाले. चारही पॅकेजेस आधी उतरवून घेतली, मग केबल काढून त्यांनी कमांड चालवली. ती अडकली. एक पॅकेज माझा ऑप्शन फोल्डरमधून न घेता गुपचूप पुन्हा नेटवरूनच आणत होता. मी निमूटपणे दुरुस्ती केली, त्यांनी तीन पानं लिहिली.

महिन्याभरानं पेठ गावच्या एका कॉलेजातल्या मॅडमचा मेल आला. कॉलेजात नेट नव्हतं. नाशिकच्या सायबर कॅफेतून सगळं सीडीवर नेऊन, ती तीन पानं समोर ठेवून त्यांनी लॅब सुरू केली होती. एकच मशीन अडलं होतं.

देवऱ्यांनी तो मेल दोनदा वाचला. म्हणाले, "देवळ्याहून मी कॉम्प्युटर शिकायला आलो, तेव्हा मशीन चालू कुठून करायचं हेच माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. तासभर काळ्या स्क्रीनपुढे बसून घरी गेलो. दोन वर्षं परत फिरकलो नाही."

मग उत्तर लिहिलं: 'अडलं तर काहीही विचारा.' खाली घरचा नंबर दिला. "घरी मी एकटाच असतो, कोणाची अडचण नाही," असं मला म्हणाले.

सोमवारी देवरे पहिल्यांदाच उशिरा आले.

"मॅडमचा फोन होता. मशीन चालू झालं."

"एवढा वेळ लागला?"

"त्याला दहाच मिनिटं लागली," देवरे खुर्ची ओढत म्हणाले. "मग पेठला पाऊस कसा आहे, वगैरे."