नाना एक विषय शिल्लक ठेवतात

आमच्या दोंडाईच्यात दहावीचा निकाल लागला की पोरं आधी मारुतीला जात, आणि मग गुणपत्रिका घेऊन नानांकडे. मारुती लवकर सोडायचा. नाना सोडत नसत.

नाना आमचे शेजारी, भूगोलाचे निवृत्त मास्तर. कोणाला सायन्सला घालायचं, कोणाला आयटीआयला, हे अख्ख्या गल्लीत तेच ठरवत. गुणपत्रिका हातात आली की पहिलं काम म्हणजे एकूण गुणांवर अंगठा दाबायचा. "टोटल काय पाहतो? ताट न बघता नुसता ढेकर देतो का?" मग चष्मा कपाळावर सरकवून, कागद उजेडात धरून एकेक विषय वाचायचा. समोरच्या सुधाकरला म्हणाले, "हिंदीत सत्तर, मराठीत चाळीस? टॉकीजमा फार बसस का रे?" सुधाकरच्या आईने तिथेच त्याचा कान धरला.

एवढं करून शेवटचा एक विषय मात्र ठेवूनच द्यायचे. "बठ्ठं एकदम वाचानं नही. सकाय येजो." म्हणजे सगळं एकदम वाचायचं नाही, उद्या परत या. उद्या गेलं की आधी चहा, मग कापसाचा भाव, मग तापीचं पाणी, आणि मग कुठे तो विषय. लोक वैतागायचे, बोटं मोडायचे, पण जायचे.

माझी पाळी आली तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागला. मला धुळ्याला सायन्सला जायचं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "नाना हो म्हणाले तर पाठवतो. नाहीतर घरीच शिवणकाम शीक." आणि गणितात मला दीडशेपैकी ऐंशी! नानांनी मराठी वाचलं, इंग्रजी वाचलं, विज्ञानाला मान डोलावली, आणि गणितावर बोट ठेवून म्हणाले, "हे सकाय."

दुसऱ्या दिवशी मी आणि आबा गेलो, तर त्यांचे डोळे दुखत होते. तिसऱ्या दिवशी अर्ज भरायची शेवटची तारीख. एसटी सुटायला तास उरलेला, आणि नाना आपले निवांत स्टोव्हला पंप मारत बसलेले. "आबा, साखर कितली?"

आबांचं डोकंच फिरलं. "अहो नाना, पोरीचं कॉलेज अडलंय आणि तुम्हाला साखर सुचते? गणित वाचा, नाहीतर कागद द्या इकडे!"

नानांचा हात पंपावरच थांबला. "वाचतो हो," ते खाली बघत म्हणाले. "पण बठ्ठं वाची टाकं का तुम्ही लोक उठीसन चालना जातस."

नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला. निकालाचे दिवस सरले की त्या घराची कडी कोणी वाजवत नसे. आबा हळूच खाली बसले. "दोन चमचे टाका नाना," म्हणाले.

चहा पिऊन झाल्यावर नानांनी गणित वाचलं. "कच्चं शे. पिकेल. पोर समजून शिकते, घाल सायन्सला!" आम्ही अक्षरशः धावत एसटी गाठली.

दिवाळीच्या सुट्टीत मी सहामाहीची गुणपत्रिका घेऊन त्यांच्याकडे गेले. अंगठा टोटलवर गेला. इंग्रजी झालं, भौतिकशास्त्र झालं, जीवशास्त्र झालं. गणित पाहून ओरडले, "पिकनं रे पिकनं!" रसायनशास्त्रापाशी आले आणि थांबले. त्यात मी वर्गात पहिली होते. सांगायला नुसती जीभ वळवळत होती.

"हे उन्हाळामा वाचू?" त्यांनी चोरट्या नजरेने विचारलं.

"उन्हाळा लांब शे नाना," मी म्हणाले. "मी सकाय येसू."

आणि गुणपत्रिका त्यांच्याकडेच ठेवून उठले.