महाळुंगाचा मानपान

ज्या राज्यात प्रत्येकाचा मान ठरलेला असतो, तिथे भांडणे फक्त क्षुल्लक गोष्टींवरून होतात. मोठ्या गोष्टींसाठी कोणाला सवडच उरत नाही. पेशवाईच्या ऐन बहरात पुणे हे असे सुव्यवस्थित शहर होते. विडा आधी कोणाला, गंध कोणी लावायचे, पालखीच्या उजव्या अंगाला कोणी चालायचे, सगळे पक्के होते. एकच बाब राहून गेली होती. झाडाला खुराक आधी द्यायचा की औषध, याचा निर्णय कोणी केला नव्हता. ही उणीव कसबा पेठेच्या मागे, मुठेकाठी, सरदार आप्पासाहेबांच्या बागेत उघडकीस आली.

बागेचे दरोगा होते दिगंबरपंत. (बागेत जे उगवेल त्याचे श्रेय सरदारांना देणारा आणि जे वाळेल त्याचा जाब स्वतः देणारा, तो दरोगा.) पंतांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या महाळुंगाला, म्हणजे जाड सालीच्या थोरल्या लिंबाच्या झाडाला, यंदा पहिल्यांदाच फळ धरले होते, तेही एकच. सरदारांच्या मातोश्रींनी ते नवरात्रात देवीला वाहण्याचा नवस बोलला, आणि लगेच झाडावर मावा ही कीड पडली. देठ, कोवळी पाने, सगळे चिकट झाले.

आप्पासाहेबांनी पंतांना बोलावून मोजकेच सांगितले. "फळ देवीपाशी पोचलं नाही, तर आपण उत्तरेच्या मोहिमेवर. छावणीत वैरण वाटायला माणूस हवाच आहे."

पंतांना घोड्याच्या नुसत्या वासाने शिंका येत. त्यांनी तातडीने दोन्ही जाणकारांना पाचारण केले.

खुराकाचे मानकरी होते गेनबा. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि आंबट ताक माठात मुरवून ते मुळाशी घालत. औषधाचे मानकरी दत्तोबा वैद्य. कडुलिंब, तंबाखू, लसूण आणि चुलीतल्या राखेची निवळी, असा त्यांचा काढा असे. तो रंगपंचमीच्या पितळी पिचकारीने पानांवर मारायचा. (रंगपंचमीला तीच पिचकारी पुन्हा रंगासाठी वापरली जाई. नातेवाईक कमी येत.)

"झाडाला आधी पोटाला घालाय लागतंय, पंत," गेनबा म्हणाले. "उपाशीपोटी औषिद कुणाला मानवतंय?"

"अहो, तापाच्या माणसाला आधी श्रीखंड वाढतात का?" दत्तोबा म्हणाले. "वाढत असतील तुमच्याकडे."

खरे उत्तर पंतांना ठाऊक होते. खुराक सकाळी मुळाशी, औषध चार दिवसांनी उन्हे उतरल्यावर पानांवर. दोन्ही गाळून, भरपूर पाणी घालून, आणि आधी एका फांदीवर पाहून मग सगळ्या झाडावर. दोन्ही एकत्र तर कधीच करायचे नाही. पण चार दिवसांचे अंतर ठेवले, की कोणीतरी चार दिवस दुसरा ठरणार. एका फांदीवर करून पाहावे, तर बाकीच्या फांद्यांनी काय पाप केले होते? शिवाय गेनबांचे मेहुणे सरदारांच्या पागेत होते आणि दत्तोबांचे जावई मुदपाकखान्यात. ज्ञान आणि नोकरी यांत पंतांनी नेहमीच योग्य निवड केली होती.

तोडगा निघाला. दोन्ही एकाच घंगाळात, एकाच वेळी ओतायचे आणि मुळाशी व पानांवर सारखेच घालायचे. पाणी कोण घालणार यावरून वाद नको, म्हणून पाणी रद्द झाले. गाळणे कोणाच्या घरचे हा प्रश्न उद्भवू नये, म्हणून गाळणेही रद्द झाले. सकाळ गेनबांची, संध्याकाळ दत्तोबांची. सबब भाद्रपदातली भर दुपार मुक्रर झाली.

"झाडाला सोसेल का हो?" पंतांच्या पत्नी मुक्ताबाईंनी विचारले.

"दोघांनाही सोसलंय," पंत म्हणाले. "एवढं जमवताना जीव गेला माझा."

ठरल्या घटकेला सनई वाजली. ताक आणि राख एकत्र येताच घंगाळ फसफसून वर आले. भटजींनी हा शुभशकुन ठरवला. राखेने गोमूत्रातून असा काही उग्र दर्प काढला, की जमलेल्या सर्वांच्या डोळ्यांना धारा लागल्या. गेनबा आणि दत्तोबा रडत रडत एकमेकांना भेटले. असा मनोमिलाप बागेने पूर्वी पाहिला नव्हता.

मावा त्याच दिवशी मेला. पाने दुसऱ्या दिवशी करपली, मग गळली. तीन पाने हिरवी राहिली. त्यांतली दोन शेजारच्या पेरूची होती. फळ काळे पडून खाली आले. पंत ते उचलून बराच वेळ बुंध्यापाशी बसले. त्यांना फार वाईट वाटले. मग छावणी आठवली आणि ते उठले.

आप्पासाहेबांनी जातीने चौकशी केली.

"कीड?"

"समूळ गेली, सरकार."

"गेनबांचा मान?"

"राखला."

"दत्तोबांचा?"

"तोही."

"आणि झाड?"

"झाडाकडून तक्रार नाही."

आप्पासाहेब प्रसन्न झाले. दोन्ही मानकऱ्यांना शेले मिळाले. देवीला बाजारातले महाळुंग वाहिले. तिने काही विचारले नाही. पंतांची नेमणूक कायम झाली आणि उत्तरेला वैरण वाटायला दुसराच कोणी गेला.

पंत वाचले, हे वाचून आपल्यालाही हायसे वाटले असेल. वाटणारच, आपण सज्जन आहात. इतका वेळ आपण पंतांचीच काळजी करत होता आणि झाड करपले तेव्हा हसत होता. त्या दुपारी बागेत जमलेली माणसेही अगदी आपल्यासारखीच सज्जन होती, फक्त त्यांच्या डोळ्यांत निदान पाणी तरी होते.