एका हाकेला एक दिस

तुम्ही कधी कुणाला एखादी रीत इतकी मन लावून शिकवली आहे का, की पुढं ती तुमच्याच गळ्याशी यावी? नसेल शिकवली, तर साळूबाई फडतऱ्यांची ही हकिकत ऐकाच. शिकवली असेल तर मान खाली घालून ऐका, एवढाच फरक.

साळूबाईंचा मुलगा हंबीरराव पलटणीत नाईक होता. लढाई संपली, आणि सेहेचाळीस साली दिवाळीच्या तोंडाला तो दोन महिन्यांची रजा घेऊन कोरेगावच्या पलीकडच्या आपल्या गावी आला. त्याच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हाताला बायको. बायको ब्रह्मदेशची. नाव मा टिन. साहेबाची परवानगी घेऊन, कागद करून रीतसर लग्न केलेलं होतं आणि तिला पाचवा महिना लागला होता.

साळूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेला आत घेतलं आणि मग चुलीपाशी बसून पोटभर रडून घेतलं. (आधी रडायला सवडच मिळाली नव्हती.) सून दिसायला गोरीपान, पण गालांना सकाळ-संध्याकाळ पिवळा लेप लावायची. तिला आडनाव नव्हतं. तिच्या बापालाही नव्हतं. त्या मुलखात कुणालाच नसतं म्हणे. साळूबाईंना हे ऐकून त्या सगळ्या मुलखाची कीव आली.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर साळूबाई मागच्या दारी मिश्री लावत बसल्या होत्या. मा टिन येऊन शेजारी बसली, आणि कमरेच्या पिशवीतून तिनं बोटाएवढी जाड चिरूट काढून पेटवली. दोघी एकमेकींच्या तंबाखूकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग साळूबाईंनी मिश्रीची डबी तिच्यापुढं सरकवली. त्या दिवसापासून रडणं थांबलं. मराठीही सून त्यांच्याकडूनच शिकली, त्यामुळं तिचं मराठी अस्सल होतं, शिव्यांसकट.

पण पाचव्या दिवशी घोटाळा झाला. पाणवठ्यावर गावच्या बायका भरपूर होत्या, आणि मा टिननं वरच्या वाटेनं चाललेल्या नवऱ्याला खणखणीत हाक मारली, "हंबीर, ये हंबीर, ही कळशी उचल की." बायकांनी आपापल्या कळश्या खाली ठेवल्या. हंबीररावानं कळशी उचलली, हे आणखी वर.

साळूबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी ठरवलं, पोरीला आजच शिकवायचं. एवढंच ठरवलं होतं हो त्यांनी.

आता साळूबाई या बाबतीत फार कडक होत्या. त्यांच्या मालकांना गाव आप्पासो म्हणायचं, पण मूळ नाव जोतिबा. ते नाव चाळीस वर्षांत साळूबाईंच्या तोंडून निघालं नव्हतं. चैतात डोंगरावर देवाच्या जत्रेला जायच्या, गुलालानं न्हाऊन निघायच्या, पण सगळी माणसं "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणून गर्जत तेव्हा या पहिला शब्द गिळून नुसत्या "नावानं चांगभलं" म्हणायच्या. (देव समजून घेत असावा.)

सुनेला त्यांनी समोर बसवलं आणि सांगितलं, धन्याचं नाव घ्यायचं नसतं, घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मा टिननं गंभीरपणे विचारलं, "किती?"

हा हिशेब साळूबाईंना कुणी कधी विचारला नव्हता. त्यांनी घाईघाईनं तोंडाला येईल ते सांगितलं, "एका हाकेला एक दिस."

मा टिन उठली. तिनं चिंचोक्यांचं मडकं घेतलं आणि लग्नापासून आपण रोज किती हाका मारल्या ते आठवून चिंचोके मांडत बसली. संध्याकाळपर्यंत साडेचार वर्षं भरली. मग ती असा हंबरडा फोडून रडली की शेजारपाजार गोळा झाला. त्यानंतर आठ दिवस हंबीररावाला दूध, तूप आणि अंडी मिळाली, आणि त्याचं नाव त्या तोंडातून कायमचं गेलं. पोस्टमननं ते नाव घेतलं तरी ती त्याच्याकडं खाऊ की गिळू अशी बघायची. साळूबाई पाणवठ्यावर म्हणायच्या, "माझी सून बघा. तुमच्या ह्याच मुलखात जलमल्या सुना बघा, आनि माझी बघा."

इथवर सगळं छान होतं. मग सातवा महिना लागला आणि गावच्या सुलाबाई सुईणीनं पोट चाचपून पाहिलं. बाहेर आल्यावर तिनं साळूबाईंना सांगितलं, "पोर आडवं हाय, अक्का. ह्ये माझ्या हातचं काम न्हाई. मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नगा."

शिपायांच्या बायकांसाठी सांगलीकडच्या एका दवाखान्यात खाटा राखलेल्या असत आणि तिथं बाळंतपण करणारी डॉक्टरीणबाई होती. खाट फुकट मिळे, औषध फुकट मिळे, पण साताऱ्याच्या हापिसाची चिठ्ठी लागे. हंबीररावाच्या रजेचे तीन दिवस उरले होते. त्यातला एक घेऊन साळूबाई, हंबीरराव आणि मा टिन सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला निघाली. आप्पासो घरी राहिले, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पाटाच्या पाण्याची त्यांची पाळी होती आणि ऊस सुकत आला होता; परतीची मोटार चुकली तर पाळीही चुकायची.

हापिसात (नाव सांगत नाही, तशी हापिसं पुष्कळ होती) चिठ्ठ्या देणारे कारकून अण्णा म्हणून होते. माणूस वाईट नव्हता. फक्त नियम टेबलाच्या त्या बाजूला होता आणि आपली माणसं या बाजूला. बाकांवर बायका, म्हातारे शिपाई, कडेवरची पोरं, सगळी दाटीनं बसलेली होती.

अण्णांनी कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला. बाई परमुलखातली असल्यामुळं तिचं नाव पलटणीच्या कागदावर अजून चढलेलं नाही, म्हणाले. तशा बायकांसाठी नवा हुकूम आला आहे. कुणीतरी मेहुणीलाच बायको म्हणून आणून खाट घेतली होती, तेव्हापासून. अर्जदार बाईनं स्वतःच्या तोंडानं नवऱ्याचं गाव, पलटणीतला नंबर आणि पूर्ण नाव सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही.

मा टिननं गाव सांगितलं. नंबर तर धडाधडा सांगितला, आकडा चुकला नाही. मग अण्णांनी विचारलं, "आणि नाव?"

मा टिननं ओठ मिटले.

"नाव सांगा बाई."

"ह्येच की," मा टिन हंबीररावाकडं बोट करून म्हणाली. "आमचं मालक."

अण्णांनी तिला तीनदा विचारलं. हंबीररावानं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण अण्णांनी "नाईक, तुम्ही गप्प राहा" म्हटलं आणि तो सवयीनं टाचा जुळवून ताठ उभा राहिला. (इरावतीच्या काठी यानं म्हणे एकट्यानं तोफेचं खेचर परत आणलं होतं.)

मग अण्णांना एक शंका आली. ते म्हणाले, ब्रह्मदेशच्या बायका नवऱ्याला नावानं हाक मारतात, हे त्यांना चांगलं माहीत आहे. ही मारत नाही. चिरूट ओढते तेवढं सोडलं तर बोलते कोरेगावची, वागते कोरेगावची. म्हणजे ही ब्रह्मदेशची नव्हे. म्हणजे कागदच खोटा.

साळूबाई इतका वेळ पदर सावरून मागं उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"म्हंजे ही आमचीच, व्हय ना अण्णा?"

"तसंच दिसतंय."

"मग आमच्या बायकांस्नी देता तशी हिला चिठ्ठी द्या."

अण्णा म्हणाले, तसं देता येत नाही, कारण तिचं नाव कागदावर नाही, कारण ती परकी आहे.

"आस्सं," साळूबाई म्हणाल्या. "नाव न्हाई घेतलं की आमची, आनि खाट मागितली की परकी. तुमी एक कायतरी ठरवा. तुमचं ठरंपतोर मी हितंच बसते. पोटातलं पोर काय तुमच्या हुकमासाठी थांबनार न्हाई, पर मी थांबते."

आणि त्या दारातच बसल्या, अगदी उंबऱ्यावर. त्यांनी मिश्रीची डबी काढली. मा टिन त्यांना टेकून बसली आणि तिनं चिरूट पेटवली. आत यायचं त्याला बाहेर थांबावं लागलं आणि बाहेर जायचं त्याला आत. चपराशानं बाजूला व्हायला सांगितलं, तर साळूबाईंनी त्यालाच विचारलं की तुझी आई कुठल्या गावची, आणि तो निघून गेला. बाकावरच्या दोन बायका उठून खाली त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मग आणखी तिघी आल्या. एका म्हाताऱ्या सुभेदारानं मोठ्यानं सांगितलं की पहिल्या लढाईत फ्रान्सात त्यानं खंदक पाहिले, पण असा मोर्चा पाहिला नाही.

दोन वाजले, तीन वाजले. अण्णांचा चहा बाहेरच अडकला. साडेतीनला ते स्वतः उठून आले आणि साळूबाईंसमोर चक्क उकिडवे बसले.

"आजी," ते म्हणाले, "मला खाट अडवायची हौस नाही. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं असं मला कागदावर लिहावं लागतं, आणि ते खोटं निघालं तर माझी नोकरी जाते. एवढं एक नाव तिला घ्यायला सांगा. मी लगेच शिक्का मारतो."

साळूबाईंनी त्या माणसाकडं पाहिलं. खरं बोलत होता. तेव्हा त्या सुनेकडं वळल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "घे पोरी नाव. काय हुत न्हाई."

मा टिनचे डोळे भरून आले. "आत्याबाई, तुमीच सांगितलं. एक दिस जातो. आधीच साडेचार वर्सं गेली."

आता काय बोलणार? ते खोटं होतं म्हणावं, तर चाळीस वर्षं आपण काय पाळलं? खरं म्हणावं, तर पोर आडवं आहे. साळूबाईंनी एकदा लेकाकडं बघून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यो माझा लेक हाय. त्याचा जो दिस जाईल, त्यो माझ्यातला घे."

मा टिननं नाक पुसलं आणि विचार केला. ती विचार करू लागली की साळूबाईंना आताशा धडकी भरायची.

"अण्णा," तिनं विचारलं, "पुरं नाव म्हंजे त्येंच्या बाचं बी?"

अण्णा म्हणाले, अर्थात.

"मग पयलं माझं हाय, ते मी घेते. दुसरं आत्याबाईंचं हाय, ते त्यांनी घ्यावं. त्यांनी आधी."

  अण्णांनी मनातल्या मनात हुकूम उलटापालटा केला आणि सांगितलं की सगळं नाव एकाच तोंडून यावं असं काही त्यात लिहिलेलं नाही.

 दुसऱ्याला शिकवताना एक दिवस म्हणजे केवढासा वाटतो. पण तो आपल्या माणसाचा असला की सकाळची भाकरी, दुपारची झोप, संध्याकाळी पारावर जाताना मागितलेला चहा, सगळं डोळ्यासमोर येतं. साळूबाईंनी डोळे मिटले, डोंगरावरचा देव आठवला आणि छातीत हवा भरून गर्जल्या, "जोतिबाच्या नावानं..."

"चांगभलं!" सगळं हापिस एका आवाजात ओरडलं. चपराशीही ओरडला. अण्णांच्याही तोंडून निघून गेलं.

साळूबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. पण मा टिन मान हलवत होती.

"त्यो देव झाला. मामंजींचं घ्या."

इतकी चांगली शिकवण कुणी कुणाला देऊ नये. साळूबाई उठून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतला, अण्णांच्या डोळ्याला डोळा दिला आणि लग्नात बोहल्यावर उभ्या होत्या तेव्हापेक्षाही हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाल्या, "माझ्या मालकांचं नाव जोतिबा हाय. आनि ही माझी सून हाय. लिवा."

"हंबीरराव," मा टिन लगोलग म्हणाली आणि नवऱ्याला काही झालं का म्हणून वळून बघितलं. काही झालं नव्हतं, तो ताठच उभा होता. मग तो म्हणाला, "फडतरे." त्या दिवसातलं त्याचं हे एकच काम, आणि ते त्यानं चोख केलं.

अण्णांनी लिहिलं, शिक्का मारला, आणि चिठ्ठी मा टिनच्या हातात दिली. साळूबाईंच्या नाही.

परतीच्या मोटारीत साळूबाई राणीसारख्या बसल्या होत्या. पण त्या मोटारीत हापिसातल्या बाकावरची एक बाई होती, आणि ती त्यांच्याच गावची पाहुणी निघाली. साळूबाई घरच्या उंबऱ्याला पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पारावर पोचली होती. आप्पासो दारात उभे होते. त्यांनी चिठ्ठी निरखून बघितली, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि साळूबाईंना फक्त एवढंच विचारलं, "किती दिस गेलं म्हनं माझं?"

साळूबाईंनी मनातल्या मनात मोजलं. देवाचं धरलं तर दोन. देवाचं सोडलं तर एक.

"एक," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव आणि मा टिन चिठ्ठी घेऊन सांगलीकडच्या मोटारीत बसली, आप्पासो गेलेला दिवस भरून काढायला घोंगडी डोक्यावर ओढून झोपून राहिले, आणि उसाला पाणी साळूबाईंनी पाजलं.