ऑपरेटरकाकांच्या दोन मशिनी

आमचे शेजारी गावकरकाका हलतं चित्र बघून सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, पळताहेत ते नुसत्या डोळ्यांनी सांगतात. विचारलं नाही तरी सांगतात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ मी त्यांना मोठ्या हौसेने मोबाईलवर दाखवला. नवरा-नवरी, मंगलाष्टकं, करवल्यांच्या पैठण्या, कशावरही अवाक्षर न काढता ते म्हणाले, "बाय, फ्रेम पडतेय. अठराच्या वर नाही." मला राग आला. मी तिथल्या तिथे फाईलची माहिती उघडली, तर वीस निघाल्या. काका चुकले याचा आनंद मला अर्धा मिनिटसुद्धा पुरला नाही. उरलेल्या दोन माझ्या फोनने खाल्ल्या असं त्यांचं म्हणणं पडलं.

लालबागच्या एका थेटरात काकांनी चौतीस वर्षं सिनेमे चालवले. वरच्या केबिनमध्ये बसून फिल्म चालवणाऱ्या माणसाला थेटरात ऑपरेटर म्हणतात. थेटर पडून तिथे टॉवर उभा राहिला, पण चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत काका अजून ऑपरेटरकाकाच आहेत. फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेमने धावते, त्यात कमी-जास्त झालं की चित्र अडखळतं आणि पब्लिक खुर्च्या बडवायला लागतं. ही धास्ती त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की आता माणसांनाही ते तीच मोजपट्टी लावतात. चाळीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उभे राहिले की काका माझ्याकडे वळून हळूच म्हणतात, "पडतेय." मी ऑफिसातून मान टाकून आले की जिन्यातच निदान होतं, "बाय, आज तुझी फ्रेम पडतेय. चहा घेऊन जा."

एवढी वर्षं सिनेमात काढलेल्या माणसाला सिनेमाच्या गोष्टी ठाऊक असतील असं कोणालाही वाटेल. काकांना एकही धड ठाऊक नाही. केबिनमध्ये दोन मशिनी असायच्या. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा, आणि त्या ठिपक्यावर दुसरी मशीन चालू करून पहिली बंद करायची. याला चेंजओव्हर म्हणतात आणि पब्लिकला त्याचा पत्ता लागला तर ऑपरेटरची लाज गेली. ठिपक्यावर नजर ठेवायची म्हणून काकांनी प्रत्येक रिळाची शेवटची दोन मिनिटं तेवढी बघितली. मधल्या वेळात ते पुढचं रीळ चढवत असायचे. एका जुन्या सिनेमातली नायिका घर का सोडते, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की ते चौथ्या रिळाच्या मध्यात असेल, आणि वर हेही म्हणाले की सोडते एवढं नक्की, कारण पाचव्याच्या शेवटी ती स्टेशनवर असते.

त्यांच्या बायकोला, सुलूकाकींना, मात्र सगळ्या गोष्टी पाठ. काकी मालवणकडच्या, समुद्राकाठी वाढलेल्या. चालायची भारी हौस. पण दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि आमच्या चाळीला लिफ्ट नाही. एकदा त्यांना दवाखान्यात न्यायला चार जणांनी खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. अख्खी चाळ गॅलरीत येऊन बघत होती. त्यानंतर काकींनी जाहीर केलं की आता मी खाली उतरेन ती एकदाच, आणि तेव्हा मला कोण बघतंय ते कळणार नाही. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

मग त्यांची मुलगी मनीषा हैदराबादहून आली. ती कार्टूनच्या कंपनीत चित्रं काढते. आपला जुना, दांडगा लॅपटॉप तिने आईला दिला आणि त्यात एक गेम टाकून दिला. एक बेट आहे, समुद्र आहे, आणि एक बाई त्या बेटावर हिंडते. खरं तर तिने लढाया करायच्या असतात. काकी लढाईच्या वाटेला गेल्या नाहीत. गेममधला एक म्हातारा त्यांना रोज तलवार आणायला सांगतो. काकींचं मला म्हणणं, "माका तलवार कित्याक व्हयी? तेकाच जाऊ दे." त्या नुसत्या चालतात. रोज चारच्या चहानंतर तासभर किनाऱ्याने जाऊन येतात आणि आल्यावर शेजारणींना सांगतात की आज त्या टेकडीपर्यंत गेले होते. दोन वर्षांनी काकींच्या बोलण्यात 'गेले होते' आलं, याचं मोल काकांना आणि मला बरोबर माहीत होतं.

एका रविवारी काका दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आठवडाभर गेम अडखळत होता. अडखळलेलं चित्र बघून काकींना गरगरायचं. चार दिवसांपासून त्यांनी लॅपटॉप मिटून ठेवला होता आणि चहानंतर त्या भिंतीकडे तोंड करून पडत होत्या. काका एवढंच म्हणाले, "बाय, चौदा फ्रेम. तिला चालवत नाही."

लोअर परळच्या एका ऑफिसात मी लोकांचे बिघडलेले लॅपटॉप सरळ करते. त्यामुळे चाळीत मला मान आहे आणि तो मला आवडतो. मी बाह्या सरसावून गेले. काकींनी तक्रार एका वाक्यात सांगितली, "मी चलतंय आनि दर्यो मागसून येता." मी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सावल्या काढल्या, लाटा साध्या केल्या, झाडंझुडपं कमी केली. काका पाठीमागे उभे राहून आकडे पुकारत होते. पंधरा. सोळा. परत पंधरा. काकींनी थोडं चालून बघितलं आणि विचारलं, "हयसरचा गवात कोणी कापल्यान?" मी गवत परत लावून दिलं.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घरी नेला. काकांनी तो टॉवेलात गुंडाळून तान्ह्या मुलासारखा माझ्या हातात दिला. मी तो उघडून धूळ काढली, ऑफिसातून आणलेला चार्जर लावला आणि गेम सुरू केला. चित्र लोण्यासारखं सरकलं. काका खात्री करायला आले आणि पंचेचाळीस म्हणाले, पण त्यांना ते पसंत पडलं नाही. जगातला सगळा आनंद चोवीसात दाखवून झालाय, वरच्या एकवीस कशाला, असं त्यांचं मत. मी विजयी मुद्रेने लॅपटॉप त्यांच्या घरी पोचवला. काकींनी तो मांडीवर घेतला, समुद्राकडे दोन पावलं टाकली आणि डोळे मिटून घेतले. पुन्हा चौदा.

आता माझी पंचाईत झाली. मी रागाच्या भरात म्हणून गेले की या मशीनला तुमचं घर मानवत नाही. मी निघाले तेव्हा काकींनी माझीच समजूत घातली. म्हणाल्या, तू जीवाला लावून घेऊ नको, मला काय, सवय आहे घरात बसायची. ते ऐकून मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी हात टेकले. नवा लॅपटॉप घ्या म्हणायला गेले होते, पण आधी दुखणं तरी नीट समजावून सांगावं म्हणून बसले. काकांना म्हटलं, याच्यात चित्र काढणाऱ्या दोन चिपा असतात. एक लहान, कमी वीज खाणारी. पत्र लिहायला, फोटो बघायला ती पुरते. दुसरी मोठी. गेम सुरू झाला की काम मोठीकडे जायला हवं. मी तसं सांगूनही ठेवलंय, पण इथे ते लहानीकडेच राहतंय.

काका ताठ बसले. "म्हणजे दोन मशिनी. आणि चेंजओव्हर कोण करतो?"

मी म्हटलं, आपोआप होतो. हे उत्तर त्यांना अजिबात आवडलं नाही. आपोआप झालेला चेंजओव्हर त्यांनी चौतीस वर्षांत बघितला नव्हता. ते उठून खिडकीपाशी गेले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे बोलू लागले. मशीन तीच. फिल्म तीच. बायच्या घरी चाललं, आपल्या घरी नाही. केबिनमध्ये असं झालं की आम्ही मशीन खोलायचो नाही, आधी दिव्याला करंट पुरतोय का ते बघायचो. मोठ्या मशीनला मोठा करंट लागतो.

आणि ते बोलता बोलता थांबले. कपाटाकडे गेले, वरचा बिस्किटांचा डबा काढला. आत चार्जर होता, वायर नीट गुंडाळून रबर लावलेला.

तीन आठवड्यांपूर्वी चाळीच्या ग्रुपवर कोणीतरी लॅपटॉपचा स्फोट झाल्याचा व्हिडिओ टाकला होता. काकांनी तो दहा वेळा बघितला. फ्रेम बरोबर चोवीस होत्या, म्हणून त्यांना तो खरा वाटला. त्या दिवसापासून ते सकाळी, काकी आंघोळीला गेल्या की, लॅपटॉप चार्ज करायचे आणि त्या हातात घेण्याआधी वायर काढून डब्यात घालायचे. केबिनमध्ये एकदा जळत्या रिळाने त्यांचं मनगट भाजलं होतं. तसलं काही तिच्या मांडीवर नको, एवढाच विचार. वायर नसली की तो लॅपटॉप बॅटरी वाचवण्यासाठी मोठ्या चिपेला झोपवून ठेवत होता. आणि मी, लॅपटॉप दुरुस्त करून पोट भरणारी बाई, तीन रविवारांत एकदाही वायर कुठे आहे असं विचारलं नव्हतं.

काका डबा हातात धरून उभे होते. काकींकडे बघवत नव्हतं त्यांना. "माझ्यामुळे पंधरा दिवस बसून राहिली ती," ते मला म्हणाले. काकींनी ते ऐकलं आणि हात पुढे केला, वायरसाठी.

मी लॅपटॉप काकींच्या मांडीवरून काढून पाटावर ठेवला आणि वायर लावली. समुद्र सुरळीत हलू लागला. काकी सावकाश किनाऱ्याला लागल्या. डोळे उघडे, मान वर. काकांचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. ते वायरीला हात लावून ती तापतेय का बघत होते.

"बसा ना हयसर," काकी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "लग्नाक त्रेचाळीस वर्सां झाली गो. ह्येंनी माका सगळे पिक्चर फुकट दाखवले. बाल्कनीत कडेची खुर्ची, रोजची. पन बाजूची खुर्ची रिकामीच. हे वरसून केबिनीच्या भोकातसून बघीत." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. भोकातून पडद्यावरचा ठिपका बघायचा असतो, हे आता मलाही माहीत होतं, आणि ते फक्त ठिपकाच बघत नसत हेही कळलं.

काका उभेच होते. इतक्या वर्षांनी नुसतं जाऊन बायकोच्या बाजूला बसणं त्यांना जमेना. मग त्यांनी मला विचारलं, अगदी कामाचं विचारावं तसं, "बाय, वायर लावलेली असताना कोणीतरी बाजूला बसायला लागणार ना?"

लॅपटॉप जास्त तापला तर स्वतःहून बंद होतो. त्याच्यापाशी कोणी बसायची काही गरज नसते. हे मी ऑफिसात दिवसातून दहा वेळा सांगते.

"लागणार, काका," मी म्हटलं. "पूर्ण वेळ. रोज."

काकांनी मोरीजवळचं स्टूल आणलं आणि काकींच्या बाजूला ठेवलं.