कायप्रणाली

वेलांटीकाका रविवारी सकाळी चहा घेऊन संगणकासमोर बसले ते थेट संध्याकाळी उठले, आणि उठले म्हणजे काय, बायकोने आणि लेकीने दोन बाजूंनी धरून उठवले. कंबर धरली होती.

वेलांटीकाका हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत ते तीस वर्षं होते आणि दुसऱ्याच्या लिहिण्यातली चुकलेली वेलांटी त्यांना डोळ्यात कण गेल्यासारखी सलायची. खिशात कायम दोन लाल पेनं. एक वापरायचं आणि दुसरं पहिल्याची शाई संपली तर. आजवर दोन्ही एकदम संपली, असं कधी झालं नव्हतं.

कंबर धरण्याचं कारण नवे साहेब. त्यांनी फर्मान काढलं होतं, "कचेरीतले पंचवीस संगणक बदलायचेत. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची ते तुलना करून लिहून द्या. घरची, कचेरीची, सगळी बघा. आणि ज्याला संगणकातलं कळत नाही, त्याचं टेबल मी तळघरातल्या दप्तरखान्यात हलवणार."

काका तक्रार शाखेचे प्रमुख होते, पण तात्पुरते. गेली अकरा वर्षं तात्पुरते. खिडकीजवळची त्यांची खुर्चीसुद्धा त्या हिशेबाने तात्पुरतीच. तळघरात खिडकी नव्हती, उंदीर मात्र कायम होते.

"अहो, सरळ ऑपरेटिंग सिस्टिम लिहा की," बायको म्हणाली होती. "शेंबड्या पोरालाही कळतं."

"मराठीत शब्द असताना? कार्यप्रणाली. बघ तरी कसा भारदस्त दिसतो. 'य'च्या डोक्यावर रफार म्हणजे टोपी घालून निघालेला गृहस्थ."

"टोपी उडाली म्हणजे कळेल."

तुलना काकांनी तब्येतीत केली होती. कचेरीतली प्रणाली ऐन कामाच्या वेळी स्वतःचीच डागडुजी काढते आणि 'थोडे थांबा' म्हणते, म्हणजे ती कचेरीच्या वळणावर गेली आहे. लेकीने घरी बसवलेली फुकटची प्रणाली सांगाल ते करते, मात्र तिला कसं सांगायचं ते फक्त लेकीला ठाऊक. मेहुण्याकडची महागडी प्रणाली देखणी आहे, पण मेहुणा तिला कुणाला हात लावू देत नाही, सबब अधिक माहिती मिळू शकली नाही. जाता जाता काकांनी तक्रार खिडकीवर लावायच्या पाट्याही टाइप करून ठेवल्या. सगळं पडद्यावर तीनदा वाचलं. एक अनुस्वार इकडचा तिकडे नव्हता.

सोमवारी कचेरीतल्या टायपिस्टबाई जाता जाता पेनड्राइव्ह घेऊन गेल्या. काका गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन पडून राहिले. दुपारी शिपायाचा फोन आला.

"काका, साहेब जाम खूश. म्हणाले, असलं काही आजवर वाचलं नव्हतं. या माणसाला कायम केलं पाहिजे, म्हणाले."

काकांची निम्मी कंबर तिथल्या तिथे बरी झाली.

गुरुवारी ते कचेरीत गेले. फाटकावर पहारेकऱ्याने सलाम ठोकला. "या काका. काय?"

"काय काय?"

"नाही, काही नाही. आता विचारावंच लागतं."

आत तक्रार खिडकीशी एक गृहस्थ घामाघूम होऊन उभे होते. पलीकडे कारकून ताठ बसला होता.

"नळाला पाणी नाही हो."

"काय?"

"पाणी नाही."

"काय?"

"पाणी, पाणी."

"काय?"

गृहस्थ मटकन बाकावर बसले. काकांनी कारकुनाचा कान धरायचा तेवढा बाकी ठेवला. "हा काय चावटपणा चाललाय?"

"तुमच्याच अहवालातली पद्धत की, काका, साहेबांनी लागू केलेली," कारकून दुखावल्या आवाजात म्हणाला. "कलम चार. 'काय संपल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.' यांचं काय संपतच नाहीये. सकाळपासून तिसरे गृहस्थ."

काकांनी झडप घालून त्याच्या टेबलावरचा अहवाल उचलला. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'घरासाठी आणि कचेरीसाठी कायप्रणाली.' घरच्या प्रणालीतली अक्षरं कचेरीतल्या प्रणालीला मानवली नव्हती आणि तिने एकूण एक रफार गिळून टाकला होता. आत तर कहरच. 'उत्तम कायप्रणाली ती, जिच्यात काय अखंड चालू राहते.' 'काय मध्येच अडले, तर न घाबरता पुन्हा सुरू करावे.'

"बाई, तुम्हाला हे दिसलं नाही?"

"दिसलं ना," टायपिस्टबाई म्हणाल्या. "पण तुमच्या लिहिण्यात चूक? मला वाटलं, नव्या नियमात रफार काढून टाकला असेल. मीच सगळ्यांना तसं सांगितलं."

"आणि साहेब? त्यांनी विचारलं नाही, हे काय म्हणून?"

"ते कुठे काय विचारतात?"

तेही खरंच होतं. न कळलेली गोष्ट साहेब विचारत नसत, मंजूर करत.

एवढ्यात दारात गलका झाला. एक निवृत्त मास्तर आत आले. त्यांच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चांगला दाढीवाला बोकड.

"घ्या," मास्तर म्हणाले.

"हे काय?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"बघा, काकाही विचारायला लागले," कारकून खूश झाला.

"तीन महिने पाण्यासाठी अर्ज देतोय," मास्तर म्हणाले. "काल तुमची नवी पाटी पाहिली. 'अज येथे द्यावेत.' अज म्हणजे बोकड, शब्दकोशात बघून घ्या. म्हटलं, अर्जाने होत नाही, तर याने तरी होईल. शेजाऱ्याकडून उसना आणलाय, पोच द्या."

"काय?" कारकुनाने नियमाप्रमाणे विचारलं.

"बेंऽ," बोकड म्हणाला, आणि मान लांब करून त्याने ती पाटी खायला घेतली. सबंध कचेरीत शुद्धलेखनाची चाड असलेला तो एकटाच, असं काकांना वाटलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली आणि ते तसेच साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, ती कायप्रणाली नाही. कार्यप्रणाली. वरचा रफार उडालाय."

साहेबांनी हातातली फाइल मिटली. "मी तो अहवाल मुख्य कचेरीला पाठवलाय. उत्तम म्हणून. म्हणजे मला कळलं नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही साहेब," काका खाली मान घालून म्हणाले. "मला संगणकातलं कळलं नाही."

"मग दप्तरखाना ठरलाच."

साहेबांच्या टेबलावर मेहुण्याकडच्यासारखाच देखणा संगणक होता. त्यांनी त्यावर दोन बोटांनी स्वतः आदेश टाइप केला, 'तक्रार शाखेच्या तात्पुरत्या प्रमुखांना आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे', आणि छापायला बाईंकडे पाठवून दिला.

काका आपल्या टेबलाशी येऊन खण रिकामा करू लागले. डबा काढला, चष्म्याचं घर काढलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, ते काही काढून नेता येण्यासारखं नव्हतं. डोळे भरून आले. तेवढ्यात टायपिस्टबाई कागद घेऊन आल्या.

"काका, तुमच्याच आदेशातला शब्द लागत नाहीये. 'आजपासून कायमुक्त करण्यात येत आहे.' हे कायमुक्त काय असतं?"

काकांनी कागद पाहिला. रफार नव्हता.

"मला वाटतं, कायम असणार," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून म्हणतच होते, तुम्हाला कायम करायचं म्हणून. दोन बोटांनी टाइप करतात, पुढे बोट घसरलं असेल. मी सरळ 'कायम करण्यात येत आहे' असं करते आणि सहीला ठेवते. वाचतात कुठे ते. बरोबर आहे ना, काका?"

तीस वर्षांची सवय. काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला, दोन्ही लाल पेनांवरून फिरला आणि रिकामाच परत आला.

"मी तपासून दिलं असतं, बाई," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण पेनातली शाई संपलीय."

"दोन्ही पेनांतली?"

"दोन्ही."