तिसऱ्या मजल्यावरच्या वासाचा छडा

मी खाजगी गुप्तहेर आहे. परवाना नाही, कारण मला परवाना देण्याच्या लायकीचा अधिकारी अजून जन्माला यायचाय. कपाळ भव्य, बायको त्याला टक्कल म्हणते. नजर भेदक. नाक तर असं, की सर्दीतसुद्धा त्याला संशय येतो. आजवर एकवीस प्रकरणं हाताळली. त्यातली सुटली किती, हा प्रश्न फक्त माझा मेव्हणा विचारतो, आणि त्याचा स्वभावच मुळात खवचट आहे.

बाविसावं प्रकरण माझ्या सख्ख्या ताईनं आणलं. ताई शिवणकाम करते. पँट आखूड करणं, कमरेत सैल करणं, चेन बदलणं. बाजारामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत तिचं मशीन चौदा वर्षं चाललंय. त्या इमारतीतल्या टपालपेट्यांवर चार लिप्यांत नावं आहेत आणि जिन्यात सहा भाषांत भांडणं होतात. ताईला सहाही भांडणापुरत्या येतात. तिची सगळी गिऱ्हाइकं याच गल्लीतली.

आता खोलीच्या मालकाला खोली महिनाअखेर परत हवी होती. ताईच्या समोरचंच घर चार महिने बंद होतं आणि विकायला निघालं होतं. त्या घराच्या मालकानं सांगितली ती किंमत ताईनं पुंजी मोडून आणि कर्ज काढून जमवली. पण घर विकून देणाऱ्या एजंटला त्याहून जास्त देणारं एक जोडपं सापडलं.

"वस्ती आता सुधारतेय," एजंट ताईला म्हणाला. "चांगले लोक यायला लागलेत."

"मग आम्ही कोण?"

"तुम्ही भाडेकरू," तो म्हणाला, अगदी मायेनं.

जोडप्याला खिडक्या आवडल्या, उजेड आवडला, 'इथलं खरंखुरं जीवन' तर फारच आवडलं. नडत होता तो एक वास. घरात पाऊल टाकलं की भप्पकन यायचा. शनिवारी अकरा वाजता ते शेवटचं बघायला येणार होते. वासाचं कारण कळलं तर घेणार, नाहीतर दुसरीकडे. तेव्हा ताईनं एजंटला सुचवलं, की माझा भाऊ गुप्तहेर आहे, तो छडा लावील. एजंटनं लगेच मान डोलावली. छडा लागला तर ताईचंच घर जाणार होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण सत्यापुढे मी नातं बघत नाही.

सोमवारी जिना पुसणाऱ्या बाईंना बाजूला व्हायला सांगून मी कामाला लागलो. पहिला संशय तळमजल्यावरच्या सुतारावर. तो सरस उकळतो. मी त्याच्या डब्यात नाक घातलं आणि सिद्धांत पक्का केला: वास उष्ण असल्यामुळे वर चढतो, आणि तिसऱ्या मजल्यावर दमून थांबतो.

"मग दुसऱ्या मजल्यावर का येत नाही?" सुतारानं विचारलं.

"तिथे तो थांबत नाही," मी म्हणालो. त्याला हे पटलं असावं, कारण त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि माझा सैल झालेला चष्मा घट्ट करून दिला.

मंगळवारी पहिल्या मजल्यावरची आजी सापडली. तिच्याकडे व्हिनेगरच्या चाळीस बरण्या होत्या. एवढ्या बरण्या सज्जन माणसाला कशाला लागतात? बुधवारी चौथ्या मजल्यावरचा खलाशी. त्याची भाषा मला येत नाही, त्यामुळे तो काहीतरी लपवतोय हे उघडच होतं. गॅलरीत त्यानं मासे वाळत घातले होते. त्यानं मला त्यातलाच एक कागदात बांधून दिला, म्हणजे पुरावा स्वतःहून हाती आला. तिघांत कोणाला निवडावं या पेचात गुरुवार-शुक्रवार गेले. शेवटी माझ्या बुद्धीनं झेप घेतली. तिघांचं संगनमत होतं.

शनिवारी मी सगळ्यांना त्या रिकाम्या घरात जमवलं. जोडपं रुमाल नाकाला लावून खिडकीशी उभं होतं. मी एका पायावर भार देऊन उभा राहिलो, कारण त्यात रुबाब दिसतो, आणि अर्धा तास बोललो. सरस, व्हिनेगर आणि मासे यांचं मिश्रण भिंतीत कसं मुरतं, पिढ्यान्‌पिढ्या कसं टिकतं, रंग दिला तरी कसं वर येतं. सुतार मान खाली घालून उभा होता. आजी डोळे पुसत होती.

"आमचं तसं कुणाबद्दल काही म्हणणं नाही," जोडप्यातली बाई म्हणाली. "पण आम्हाला वाटलंच होतं."

"पहिल्याच दिवशी वाटलं होतं," नवरा म्हणाला. ते जिना उतरले तेव्हा एजंटचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं मालकाला फोन लावला, आणि पंधरा मिनिटांत पहिल्याच किमतीला ताईचा विसार घेतला. पावती ताईच्या हातात देऊन तो निघून गेला.

मग जिना पुसणाऱ्या बाई बाथरूममध्ये गेल्या आणि मोरीच्या जाळीवर दोन बादल्या पाणी ओतलं. थोड्या वेळानं वास गेला.

"जाळीखालच्या वाकड्या नळीत पाणी साठून असतं, ते गटाराचा वास अडवतं," बाई म्हणाल्या. "घर बंद राहिलं की ते सुकतं. दुसरं काही नाही."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"ताईंना मागच्याच आठवड्यात सांगितलं. तुम्ही तर मला दोनदा बाजूला व्हायला लावलंत. वास घेताना मधे येते म्हणालात."

मी ताईकडे बघितलं. ती शांतपणे टेपनं खिडकीचं माप घेत होती.

"तुला माहीत होतं? मग मला कशाला बोलावलंस?"

"शोधायला नाही बोलावलं," ताई म्हणाली. "बोलायला बोलावलं. तिघांनाही आधी विचारून घेतलं होतं मी. आजी तर हसू आवरेना म्हणून डोळ्याला पदर लावून होती."

सुतार म्हणाला, "माझं नाव सगळ्यात आधी घ्याल, यावर मी खलाशाशी पैज जिंकलो."

मला अतोनात राग आला. "आणि मी खरं कारण शोधून काढलं असतं तर? घर हातचं गेलं असतं तुझं."

"त्याची भीती नव्हती," ताई म्हणाली. तिनं टेप गुंडाळला. "वास या घरात येतो, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी. पाच दिवसांत तू माझ्या तीन शेजाऱ्यांच्या घरांत नाक खुपसलंस. या घराच्या बाथरूमचं दार एकदा तरी उघडलंस का? ते जोडपं परकं होतं रे. तू तर माझ्याकडे चौदा वर्षं येतोयस."

एवढ्यात आजी समोर ताईच्या खोलीत गेली आणि इकडे आणायला तिनं शिलाई मशीनचं एक टोक धरलं. दुसरं टोक कोण धरणार, म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली.