दामलेबाईंची ऊबपेटी

दामलेबाईंना कुणी म्हटलं, "आज फार उकडतंय, नाही?" की त्या विचारायच्या, "कशावरून?"

"घाम येतोय ना बाई."

"घाम भीतीनंही येतो."

आणि खरंच, त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तो भीतीनंच आलेला असायचा.

मी चिंचवडच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो, तेव्हा बाई तिथे शास्त्र शिकवत होत्या. पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहत होता, निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी मुलं आमच्या बाकांवर येऊन बसू लागली होती, तो काळ. बाई उंच, काटकुळ्या, हातात बारा महिने पुरुषी छत्री. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला, पुढे भावानं शिकवलं, एवढंच ऐकून होतो. खरं काय ते विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

एकदा हेडमास्तरांच्या सासूबाई वारल्याची बातमी शिपायानं आणली. सगळे हळहळले. बाईंनी वहीतून मान वर करून विचारलं, "कशावरून?" तेव्हापासून हेडमास्तर घरातलं सुखदुःख शाळेत बोलेनासे झाले.

माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. "अहो कुलकर्णी, तुमच्या कवीचं काळीज जळतं म्हणता. धूर कुठाय?"

तर त्या वर्षी पुण्याहून शाळा तपासायला डेप्युटीसाहेब यायचे होते आणि त्यांच्यासमोर मुलांचं शास्त्र प्रदर्शन भरवायचं होतं. बाकीच्या वर्गांनी ज्वालामुखी, पाणचक्की असली सोज्वळ कामं घेतली. बाईंच्या वर्गात चिखलीचा बबन उठला आणि म्हणाला, "बाई, आमच्याकडं कोंबड्या हायत. पर खुडूक होऊन अंड्यांवर बसली तरच पिल्लं निगत्यात."

"कशावरून?"

बबन गोंधळला. "आई म्हन्ती."

"कोंबडी काय देते? ऊब. ऊब आपण देऊ."

झालं! कोंबडीशिवाय पिल्लं काढायची ठरली. हेडमास्तरांच्या कानावर गेलं, तेव्हा ते संध्येला बसल्यासारखे ताठ झाले.

"बाई, शाळेत अंडी?"

"खायची नाहीत, उबवायची आहेत."

"ती शाळेत येणार नाहीत. प्रदर्शनाच्या दिवशी काय ती आणा. झाकून!"

म्हणून सगळा संसार बाईंच्या खोलीवर हलला. शाळेसमोरच त्यांची खोली होती. तिच्या आत आजवर कुणीच पाऊल टाकलं नव्हतं. चहाचं मोठं खोकं आणलं. आत भुसा, एका कोपऱ्यात कंदील, एक पाण्याची वाटी. डॉक्टरांकडून ताप मोजायचं थर्मामीटर मागून आणलं. मधल्या सुट्टीत पोरं धावत जायची आणि परत येऊन व्हरांड्यात ओरडायची, "बाई, अंड्यांना शंभर ताप आहे!"

"छान. उतरू देऊ नका."

ते ऐकून नवीन आलेले ड्रॉइंग मास्तर दोन दिवस बाईंकडे संशयानं बघत होते.

अंडी दिवसातून अनेकदा उलटायची असत. त्यासाठी शाळेआधी पोरं, शाळेनंतर पोरं. कॅम्पातली मोहिनी घरून पापड आणायची. बबन जमिनीवर पसरून गृहपाठ करायचा. मी डोकावलो, तर बाई पोहे परतत होत्या आणि मोहिनी त्यांना सांगत होती, "बाई, मीठ कमी है."

"कशावरून?"

"खाऊन बघा ना!"

बाईंनी चिमूटभर तोंडात टाकले आणि निमूट मीठ घातलं. तीन आठवड्यांत त्यांनी हार मानलेली मी तेवढीच पाहिली.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. खोकं दोन चादरींत गुंडाळून हॉलमध्ये आलं. मुलांनी पाटी लिहिली होती, 'बनावट कोंबडी'. हेडमास्तरांनी कोंबडी खोडून 'ऊबपेटी' केलं, पण घाईत 'बनावट' तसंच राहिलं.

डेप्युटीसाहेब फेटा सावरत आले. मोहिनीनं पाठ केलेलं भाषण न अडखळता म्हटलं. बबननं कंदिलासमोर अंडं धरून आतली काळी सावली दाखवली. साहेब वाकले, बघितलं, मिशीत हसले.

"अंडी छान आहेत. पण पिल्लं निघणारच, हे कशावरून?"

ज्वालामुखीवालेसुद्धा थांबले. आम्ही मास्तर मंडळी बाईंकडे बघत होतो, आणि खरं सांगायचं तर मनातून खूश होतो. बाईंच्या कपाळावर घाम आला. तो उकाड्याचा नव्हता.

तेवढ्यात बबन म्हणाला, "सायेब, कान लावा."

"काय?"

"अंड्याला कान लावा. बोलतंय ते."

साहेबांनी फेटा काढून शिपायाच्या हातात दिला, गुडघे टेकले आणि अंड्याला कान लावला. बराच वेळ ते तसेच होते. मग लहान पोरासारखे ओरडले, "अरे, हे आतून टोचतंय!"

दुपारपर्यंत सहा पिल्लं निघाली. ओली, चिकचिकीत, दिसायला अगदीच सुमार. बक्षीस बाईंच्याच वर्गाला मिळालं. हेडमास्तरांनी फोटोसाठी एक पिल्लू हातात घेतलं आणि त्यानं त्यांच्या हातावर करायचं ते केलं.

पिल्लं बबननं टोपलीत घालून चिखलीला नेली. खोकं बाईंच्या खोलीवर परत गेलं.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मी वह्या द्यायला म्हणून बाईंकडे गेलो. दार उघडंच होतं. पोरांची चटई तशीच पसरलेली, पण पोरं नव्हती. बाई खोक्यापुढे पाटावर बसल्या होत्या. आत कंदील जळत होता. अंडं एकही नव्हतं.

"बाई, हे रिकामंच..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. छत्रीच्या टोकानं चटईची सुरकुती सारखी करत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "अहो कुलकर्णी, बदकाच्या अंड्यांना चार आठवडे लागतात म्हणे. कोंबडीपेक्षा एक आठवडा जास्त. आपल्याकडे कुणाजवळ बदकं असतील हो?"

मी म्हटलं, बघतो. रविवारी सकाळी सायकल काढली आणि नदीकाठच्या वस्त्यांवर दारोदार विचारत निघालो.